कृपया समोर पाहा

बसमावशीचा डावा डोळा जन्मापासून स्वतःच्या मर्जीचा मालक होता. उजवा समोरचं काम बघायचा, आणि डावा त्या वेळी खिडकीबाहेर कुठेतरी भटकत असायचा. लहानपणी "बघतेस कुठे?" हा प्रश्न तिने इतक्या वेळा ऐकला, की तिला तो आपल्या नावाचाच भाग वाटायचा. तरुणपणी तीन जणांनी लग्नाचा विचार याच प्रश्नापाशी सोडून दिला. चौथ्याने प्रश्नच विचारला नाही, त्याच्याशी तिने लग्न केलं. तो जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

शाळेची बस तिने एकोणीस वर्षं चालवली. मुलं तिला बसमावशी म्हणायची, आणि पुढे अख्खी गल्ली तेच म्हणू लागली. डोळ्यांचे डॉक्टर दरवर्षी तपासून 'वाहन चालवण्यास योग्य' असा दाखला द्यायचे. डाव्या डोळ्याचं राहिलेलं काम ती मानेकडून करून घ्यायची. निघण्याआधी अख्खी मान फिरवून मागे बघायचं, मुंडकी मोजायची, "बसलात का नीट?" विचारायचं, आणि उत्तर आल्याशिवाय बस हलवायची नाही. सरळ डोळ्यांची माणसं मानेला आळशी असतात, असं तिचं मत होतं. एकोणीस वर्षांत तिच्या बसमध्ये एकाही पोराचा गुडघा फुटला नाही, त्यामुळे ते मत खोडायला कोणी पुढे आलं नव्हतं.

मग शाळेने बसचं काम एका मोठ्या कंपनीला दिलं. त्या कंपनीला चाळिशीच्या आतले चालक हवे होते आणि मावशी त्रेपन्न वर्षांची होती. फंडाचे पैसे आले, त्यातून तिने बाजारातली सगळ्यात स्वस्त चारचाकी घेतली आणि प्रवाशांची ने-आण करणाऱ्या एका अ‍ॅपवर नाव घातलं.

गाडी विजेवर चालायची. दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज यायचा. मागे तिघं बसले तर मधल्याने श्वास विचारून घ्यावा अशी परिस्थिती. समोरच्या खणाला झाकण नव्हतं, हातरुमाल ठेवला तर वळणावर बाहेर यायचा. पडदा मात्र परातीएवढा. झाकण परवडत नाही तिथे पडदा कसा परवडतो, हे तिने विक्रेत्याला विचारलं होतं. त्यावर तो नुसता हसला होता. अ‍ॅपवर चालवणाऱ्यांना किमतीत सवलत होती. अट एवढीच, की गाडी चालकाविषयीचे अहवाल परस्पर त्या अ‍ॅपला पाठवेल. मावशीने सही केली. सगळे करतात तिथेच, म्हणजे शेवटच्या पानावर.

चौदा महिने सगळं सुरळीत चाललं. प्रवाशांनी तिला पाचपैकी चार पूर्णांक नऊ गुण दिले होते. उरलेला एक दशांश एका गृहस्थाने 'गाडी लहान आहे' असं लिहून कापला होता. जणू गाडी मावशीनेच लहान शिवली होती.

मग पडद्यावर विचारणा सुरू झाली: नवी आवृत्ती बसवायची? खाली दोन चौकोन, 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने'. 'नको' असा चौकोन कुठेच नव्हता. मावशी अकरा दिवस 'थोड्या वेळाने' दाबत राहिली. बाराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, गाडीने विचारणं सोडून दिलं आणि आपलं आपण उरकून घेतलं. मावशी चहा पिऊन खाली आली तेव्हा पडदा नव्या सुनेसारखा उजळला होता.

पहिल्याच चौकात गाडी बोलली.

"कृपया समोर पाहा."

आवाज बाईचा होता, गोड, दवाखान्यात फोन केला की 'प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या बाईसारखा. मावशी समोरच बघत होती. तिने आणखी समोर बघितलं.

"कृपया समोर पाहा."

मागे एक वकील बसले होते. त्यांना कोर्टात पोचायचं होतं. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

"मला म्हणतेय."

"मग बघा ना समोर."

तिसऱ्या वेळेला गाडीने धोक्याचे दिवे लावले आणि वेग इतका कमी केला की एक आजोबा काठी टेकत शेजारून पुढे गेले. मागच्यांनी हॉर्न वाजवले. वकिलांनी घड्याळ बघितलं, ते उतरले आणि चालत निघाले. मावशीच्या फोनवर संदेश आला: बेसावध चालकाचा अहवाल क्रमांक एक.

दुसरा अहवाल दुसऱ्याच दिवशी आला, आणि तो तिला जास्त लागला. डावीकडे वळताना तिने नेहमीप्रमाणे अख्खी मान फिरवली, म्हणून तिला सायकलवरची मुलगी दिसली. दिसली म्हणून तिने ब्रेक दाबला. मुलगी हात हलवून निघून गेली. गाडीने मात्र लिहिलं, की चालकाने चार सेकंद रस्त्यावरून नजर हटवली. मान फिरवली नसती तर गाडीच्या मते ती सावध ठरली असती आणि मुलगी चाकाखाली असती.

संध्याकाळी अ‍ॅपचं पत्र आलं. आठवड्यात दोन गंभीर अहवाल आल्याने खाते तपासणीसाठी थांबवण्यात येत आहे. अहवाल चुकीचे असल्यास वाहन-उत्पादकाचं तसं लेखी पत्र शनिवारी दुपारी बारापर्यंत सादर करावं. अन्यथा खाते कायमचे बंद.

मावशीने तिथल्या मदतखिडकीत लिहिलं: माझा डावा डोळा तिरळा आहे. उजवा उत्तम आहे. डॉक्टरांचा दाखला जोडते आहे.

उत्तर तीन सेकंदांत आलं: तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. गाडी चालवताना कृपया समोर पाहावे.

*

बुधवारी ती गाडी घेऊन कंपनीच्या विक्री-दुरुस्ती केंद्रात गेली. वाटेत दोनदा धोक्याचे दिवे लागले. खाते थांबवलेलं असल्यामुळे अहवाल जायला आता जागा नव्हती, तेवढंच सुख.

केंद्राचं पुढचं दालन काचेचं होतं. दाराशी पुठ्ठ्याचा एक पुरुषभर उंचीचा माणूस उभा केला होता. बाह्या दुमडलेल्या, हातात किल्ली, दात जाहिरातीचे, आणि छातीवर लिहिलेलं: आमच्या कुटुंबाची पहिली गाडी. मागच्या बाजूला दुरुस्तीचा कारखाना होता. तिथल्या मिस्त्रीने गाडी उचलणीवर घेतली, चाकं अधांतरी केली आणि पडद्याखालच्या भोकात एक तार खोचली. गाडीला वाटायचं आपण रस्त्यावर आहोत. पाच मिनिटं मावशीने चाक धरून भिंतीकडे बघायचं आणि कॅमेऱ्याने तिच्याकडे, अशी चाचणी होती.

शेवटी यंत्रातून चिठ्ठी निघाली. सावधपणा: शंभरपैकी एकतीस.

मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने चिठ्ठी वाचली, मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मधल्या आरशाच्या बुडाशी असलेल्या मसुराएवढ्या कॅमेऱ्याकडे. "महागड्या गाडीत असे दोन असतात," तो म्हणाला. "दोन्ही डोळे बघतात. यात एकच आहे. तो इथून फक्त डावा बघतो."

"म्हणजे स्वस्तात घेतली म्हणून नेमका चुकीचा डोळा बघते."

"तसंच समजा."

"मग तसं लिहून द्या."

लिहून द्यायचा अधिकार व्यवस्थापकाला होता. व्यवस्थापक तरुण, गळ्यात टाय, बोलणं मऊ. त्याने मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि आधीच छापून ठेवलेला एक कागद पुढे सरकवला.

"मॅडम, गाडीत दोष नाही. प्रणाली दिलेलं काम बरोबर करतेय. पण आम्ही तुम्हाला अडवणार नाही. यावर सही करा, मी आजच पत्र देतो. कॅमेऱ्याचं ते गाडी मंदावणंही बंद करून देतो."

मावशीने कागद उजव्या डोळ्यासमोर धरून शेवटपर्यंत वाचला. चौदा महिन्यांपूर्वी जे केलं नव्हतं ते आता केलं. त्यात लिहिलं होतं: 'चालकाच्या शारीरिक दोषामुळे सुरक्षा-प्रणाली वापरणे शक्य नसल्याने, चालकाच्या विनंतीवरून व सर्वस्वी चालकाच्या जबाबदारीवर...'

"दोष कोणाचा लिहिलाय हा?"

"तो नुसता नमुना आहे, मॅडम. सगळ्यांना हाच असतो."

"सगळे तिरळे आहेत का?"

व्यवस्थापक हसला नाही. "सही केली की आज काम होईल. नाही केली तर मग वरच्या कार्यालयाला लिहावं लागेल. तीन आठवडे."

"शनिवारी बाराला खातं बंद होतंय."

"म्हणून तर म्हणतोय."

मावशीने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पेन परत केलं. पेनाचं टोपणही लावून दिलं.

*

"सही करायची होतीस," नणंद म्हणाली.

नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. नणंदेचा खालीच फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, शाळेच्या ओळखपत्राचे, गेलेल्या माणसांचे मोठे करून चौकटीत घालायचे, असे सगळे फोटो ती काढायची. ती मावशीहून तीन वर्षांनी लहान होती. तरी मावशी तिला पहिल्या दिवसापासून 'वन्सं, तुम्ही' म्हणायची आणि ती मावशीला 'वहिनी, तू'. सव्वीस वर्षांत दोघींनाही त्यात काही बदलावंसं वाटलं नव्हतं.

"वन्सं, उद्या सिग्नलला उभी असताना मागून कोणी येऊन ठोकलं, तरी आधी तो कागद बाहेर निघेल. बाईंनी स्वतःच लिहून दिलंय, दोष माझा आहे. मग कोणी माझी मान फिरली होती की नाही विचारणार नाही. कोणी ब्रेक विचारणार नाही. एक कागद, आणि माझी एकोणीस वर्षं केराच्या टोपलीत."

"आणि काम गेलं तर ती एकोणीस वर्षं काय चौकटीत घालून भिंतीवर लावू? माझ्याकडे चौकटी आहेत, सांग."

"मोठी लागेल."

"मस्करी नकोय. घरात बसलीस तर तू मला वेडं करशील. पहिल्या महिन्यात माझे पडदे धुशील, दुसऱ्या महिन्यात माझ्या गिऱ्हाइकांना नीट बसायला शिकवशील."

त्यांनी सगळे उपाय करून बघितले. काळा चष्मा घातला, तर गाडी म्हणाली: चालक आढळला नाही. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, तर गाडी सुरूच होईना. नणंदेने डाव्या डोळ्यावर कापसाची गादी बांधली, तर गाडीने 'चालक झोपेत आहे' म्हणून आसन असं हलवलं की नणंद शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या किंचाळली.

"ही गाडी नाही, सासू आहे," ती म्हणाली. "काही केलं तरी नाव ठेवते."

गुरुवारी सकाळी ती स्टुडिओतून वर आली ती हातात चष्म्याची एक जुनी चौकट घेऊन. चौकटीच्या डाव्या बाजूला तिने कागदावर छापलेला एक डोळा चिकटवला होता. पापण्यांसकट, हुबेहूब.

"कोणाचा आहे हा?"

"तुझाच. उजवा. उलटा करून छापलाय. घाल."

मावशीने घातला. गाडी सुरू केली. पहिला चौक गेला, दुसरा गेला. गाडी गप्प. पडद्यावर हिरवी खूण आली: चालक सावध आहे. नणंदेने मांडीवर थाप मारली. "बघ. सुटलीस. दुपारपासून लाग कामाला."

"खातं थांबलंय ना."

"मग कागदावर सही कर, खातं चालू करून घे, आणि वर हा चष्मा. कोण बघतंय?"

सिग्नलला गाडी थांबली. मावशीने आरशात बघितलं. दोन सरळ डोळ्यांची एक बाई तिच्याकडे बघत होती. दिसायला बरी होती. मावशीने तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि थोडा वेळ बघितल्यावर तिच्याशी ओळख वाढवावी असं काही तिला वाटलं नाही.

मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. गाडी थांबलेलीच होती, ब्रेक दाबलेला होता. तिने कागदामागचा डावा डोळा मिटला. मग उजवाही मिटला आणि मनात आकडे मोजू लागली.

"वहिनी, काय करतेस?"

"सहा, सात. पडद्यावर काय दिसतंय?"

नणंदेने वाकून बघितलं. "हिरवं आहे. चालक सावध आहे म्हणतेय."

"नऊ, दहा." मावशीने डोळे उघडले. दिवा बदलला होता. तिने गाडी पुढे घेतली, पहिली मोकळी जागा दिसली तिथे कडेला लावली आणि चष्मा काढून झाकण नसलेल्या खणात ठेवला.

"वन्सं, मी झोपले असते तरी हिने मला शाबासकी दिली असती. जागी असले की ओरडते. आणि तो टायवाला म्हणतो दोष माझ्यात आहे." ती थोडा वेळ चाकावर बोटं वाजवत राहिली. "त्यांच्या दाराशी तो पुठ्ठ्याचा माणूस उभा आहे ना, त्याचे डोळे सरळ आहेत."

नणंदेने तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांच्या सहवासाने तिला पुढचं कळलं. "मी येणार," ती म्हणाली. "स्टुडिओ उद्या बंद."

*

शुक्रवारी सकाळी अकराला केंद्रात बरी गर्दी होती. एक नवरा-बायको आणि त्यांचे वडील गाडीची दारं उघडून लावून बघत होते. वडील प्रत्येक वेळी आवाजाला मान हलवत होते, नापसंतीने.

मावशी दाराशी थांबली. पुठ्ठ्याच्या माणसाला तिने कमरेतून धरलं आणि काखेत मारलं. वजनाला तो काहीच नव्हता. नणंदेने मागून पाय सावरले. दोघी त्याला आडवा धरून दालनातून कारखान्याकडे निघाल्या. त्याचे दात सगळ्या गिऱ्हाइकांकडे बघून हसत होते.

"मॅडम," व्यवस्थापक टेबलामागून उठला. "मॅडम, ते जाहिरातीचं आहे."

"माहीत आहे. त्यांची चाचणी घ्यायची आहे. तुमच्याच घरचे आहेत, घाबरू नका."

मिस्त्री कारखान्यात हात पुसत उभा होता. त्याने आधी मावशीकडे बघितलं, मग काखेतल्या माणसाकडे. काहीही न विचारता त्याने मावशीची गाडी उचलणीवर घेतली आणि तार खोचली. मग चालकाचं दार उघडून धरलं, एखाद्या साहेबासाठी धरावं तसं.

पुठ्ठ्याला बसायची सवय नसते. मिस्त्रीने त्याला कमरेत एकदा आणि गुडघ्यात एकदा दाबलं, आणि प्रत्येक वेळी असा कडकड आवाज झाला की व्यवस्थापकाचा चेहरा पडला. गाडी पट्ट्यासाठी कुरकुरायला लागली, म्हणून मावशीने त्याला पट्टा बांधला. मान जरा झुकत होती, ती नणंदेने सवयीने सरळ केली आणि हनुवटी किंचित खाली घेतली.

मावशी दारातून आत वाकली. "बसलात का नीट?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही, तरी तिने दार लावलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

"हे हास्यास्पद आहे," व्यवस्थापक म्हणाला. आवाज अजून मऊ होता, पण कडेने फाटायला लागला होता.

"पाच मिनिटं," मिस्त्री म्हणाला आणि यंत्राचं बटण दाबलं.

कारखान्याच्या दारात ते नवरा-बायको आणि वडील येऊन उभे राहिले. धुलाईवाल्याने पाण्याचा नळ बंद केला. अधांतरी चाकं गरगर फिरत होती आणि पुठ्ठ्याचा माणूस किल्ली हातात धरून भिंतीकडे बघून हसत होता. पडदा हिरवा होता. दुसऱ्या मिनिटाला हिरवा, चौथ्यालाही हिरवा. गाडीतल्या त्या गोड आवाजाने एकदाही त्याला समोर पाहायला सांगितलं नाही.

यंत्रातून चिठ्ठी निघाली. मिस्त्रीने ती फाडली, वाचली आणि व्यवस्थापकाला न देता मावशीला दिली. मावशीने ती मोठ्याने वाचली.

"सावधपणा: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव." तिने पर्समधून बुधवारची चिठ्ठी काढून शेजारी धरली. "मी एकतीस."

"दोन गुण कशाचे गेले त्याचे?" नणंदेने विचारलं.

"पापणी हलवत नाही," मिस्त्री म्हणाला.

दारातले वडील पुढे आले. त्यांनी गाडीत डोकावून बघितलं, पुठ्ठ्याच्या माणसाच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि व्यवस्थापकाकडे वळले. "म्हणजे माझा मुलगा चालवता चालवता झोपला, तर हिला कळेल की नाही कळेल? सोप्या भाषेत सांगा."

"काका, हा अपवादात्मक..."

"झोपला, तर."

व्यवस्थापकाने टाय थोडा सैल केला, आणि मग मावशीला म्हणाला, "आत या. पत्र देतो."

"इथेच लिहा. उजेड चांगला आहे."

मिस्त्रीने अवजारांच्या पेटीवर फडकं मारून जागा केली. व्यवस्थापक उभ्यानेच लिहायला लागला आणि दुसऱ्याच ओळीत मावशीने बोट ठेवलं.

"'चालकाच्या डोळ्याच्या ठेवणीमुळे' हे काढा."

"मॅडम, कारण तर द्यावं लागेल."

"कारण समोर बसलंय, पट्टा लावून. डोळ्याचं नाव घ्यायचं नाही. माझ्या नाही आणि त्याच्याही नाही. कॅमेऱ्याचं लिहा."

"वरून मला विचारतील."

"मग वरच्यांना इथे बोलवा. हे बसलेत, कुठे जात नाहीत."

नणंद खोकली. तो खोकला नव्हता. व्यवस्थापकाने कागद फाडला आणि दुसरा घेतला. पत्रात शेवटी जे राहिलं ते असं: 'या वाहनातील कॅमेऱ्यास जागा माणूस व पुठ्ठा यांतील फरक ओळखता येत नाही, हे चाचणीत दिसून आले आहे. सबब या वाहनाने चालकाविषयी पाठवलेले अहवाल ग्राह्य धरू नयेत.' खाली सही, शिक्का आणि तारीख. मावशीने ते उजव्या डोळ्यासमोर धरून दोनदा वाचलं, दोन्ही चिठ्ठ्या मागे टाचून घेतल्या, आणि बुधवारचा तो घडी घातलेला नमुना पर्समधून काढून त्याला परत दिला.

"हा ठेवा. पुढच्या माणसाला देण्याआधी त्याला हे पाच मिनिटांचं दाखवा."

गाडी मंदावणं मिस्त्रीने तिथल्या तिथे बंद केलं. "बोलणं बंद होत नाही," तो म्हणाला. "तो आवाज वरून येतो. पुढच्या आवृत्तीत बघू."

"बोलू दे. बोलण्याने काही होत नाही."

पुठ्ठ्याच्या माणसाला त्याने बाहेर काढलं. तो आता सरळ उभा राहत नव्हता, कमरेत वाकून राहिला होता. मिस्त्रीने त्याला भिंतीला टेकवून ठेवलं. दारातले वडील मुलाला म्हणत होते, "दोन कॅमेऱ्यांची कितीला आहे ते विचार. नाहीतर जुनी घेऊ. तिला निदान तोंड नसतं."

*

शनिवारी सकाळी नऊला मावशीने पत्र आणि चिठ्ठ्यांचे फोटो अ‍ॅपवर पाठवले. उत्तर आलं: तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. दहा वाजले, साडेदहा वाजले. नणंद स्टुडिओत कोणा विद्यार्थ्याचे फोटो कापत होती आणि दर दोन कापांनंतर घड्याळाकडे बघत होती. मावशी बाकावर बसली होती. तिने स्टुडिओचे पडदे धुवायला काढायला हवेत असं एकदा म्हटलं, आणि नणंदेने कात्री खाली ठेवली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दोन्ही अहवाल रद्द करण्यात येत आहेत. खाते पुन्हा सुरू करण्यासाठी ओळखीचा नवा फोटो बारापर्यंत सादर करावा. चेहरा समोरून दिसावा.

"बस," नणंद म्हणाली आणि दिवे लावले.

मावशी स्टुलावर बसली. या स्टुलावर ती सव्वीस वर्षांत बऱ्याचदा बसली होती. परवान्यासाठी, बसच्या ओळखपत्रासाठी, लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसासाठीही. एकाही फोटोत तिचा डावा डोळा नव्हता.

"हनुवटी खाली," नणंद कॅमेऱ्यामागून म्हणाली. "मान जरा डावीकडे. अजून थोडी."

मावशीने मान हलवली नाही.

"वहिनी, डावीकडे."

"वन्सं, समोरून काढा."

नणंदेने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "डोळा बाहेर जातोय."

"तो तिथेच असतो."

"ते यंत्र घेणार नाही मग. पन्नास मिनिटं उरलीत. घेतलं नाही तर काय करशील?"

"परत पाठवीन. ते घेत नाहीत तोवर पाठवीन. पण हाच."

नणंदेने डावीकडचा दिवा, जो ती वहिनीच्या फोटोला नेहमी विझवायची, तो लावला. चेहऱ्याची ती बाजू उजळली. तिने एकच फोटो काढला.

पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. दोघी फोनवर वाकून उभ्या होत्या. चक्र थांबलं. फोटो स्पष्ट नाही, कृपया समोर पाहा. मावशीने तोच फोटो पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला पाठवताना तिने खालच्या रिकाम्या जागेत लिहिलं: समोरच बघते आहे, सोबतचं पत्र वाचा. अकरा चाळीस झाले. नणंद नखं कुरतडत होती. पाचव्यांदा पाठवल्यावर चक्र बराच वेळ फिरत राहिलं. पलीकडे बहुधा यंत्राने कंटाळून माणसाला बोलावलं असावं. अकरा त्रेपन्नला हिरवी खूण आली. खाते सुरू.

"सरळ डोळ्यांच्या माणसाने पहिल्या नकारालाच नाद सोडला असता," नणंद म्हणाली, आणि मावशीचा खांदा जरा जास्तच जोरात दाबून पुन्हा विद्यार्थ्याच्या फोटोंकडे वळली.

पहिलं भाडं साडेबाराला आलं. एक बाई, हातात केकचं खोकं, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी मागे बसली आणि पडद्यावरचा मावशीचा नवा फोटो बघायला लागली. मग तिने आरशातून मावशीकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे.

"सेम आहे," ती आईला म्हणाली.

मावशीने अख्खी मान फिरवली. मागे दोन मुंडकी होती.

"कृपया समोर पाहा," गाडी म्हणाली.

केकवाली बाई दचकली. मावशीने मान फिरवलेलीच ठेवली. "बसलात का नीट?" तिने विचारलं.

"खोकं मांडीवर घेते, थांबा," बाई म्हणाली.

"कृपया समोर पाहा."

मावशी थांबली. खोकं मांडीवर आलं, मुलीचा पट्टा खटकन लागला, आणि मुलगी म्हणाली, "बसलो." तेव्हा मावशीने मान पुढे केली आणि गाडी हलवली.